लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधून ‘टिक-टिक’ येते आहे, आत धालोची गाणी आहेत

सावईवेऱ्याची_मास्तरीण | १२ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार. मी फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. माझा लॅपटॉप २०१४ सालचा. आत ५०० जीबीची जुनी, फिरणारी हार्ड डिस्क आहे.

धालो म्हणजे पौषातल्या रात्री बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहून गातात-नाचतात तो आमचा उत्सव. २०१६ च्या पौषात आमच्या मांडावर, म्हणजे त्यासाठीच्या ठरलेल्या अंगणात, धालो झाले, तेव्हा सासूबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या बायकांनी म्हटलेली गाणी मी मागून आणलेल्या रेकॉर्डरवर पाचही रात्री रेकॉर्ड केली. एकूण ४१ फाइली आहेत. सासूबाई तीन वर्षांमागे गेल्या. समोरच्या रांगेत उभ्या असायच्या त्यातल्याही दोघी आता नाहीत. यातली कितीतरी गाणी आज वाड्यावर कुणालाच शेवटपर्यंत येत नाहीत. फाइली फक्त या लॅपटॉपवर आहेत. दुसरीकडे उतरवून ठेवायचे दरवर्षी म्हणत राहिले आणि राहूनच गेले.

आता आवाजाबद्दल. गेले वर्षभर लॅपटॉप नुसता उघडा असला की मधूनच ‘टिक्’ व्हायचे, पाल चुकचुकावी इतके हलके. काम नीट चालायचे म्हणून दुर्लक्ष केले. बॅटरी केव्हाच मेली आहे, वायर लावूनच चालवते. बुधवारी वादळात लाईट गेली आणि लॅपटॉप धाडकन बंद पडला. त्यानंतर चालू करताना वेगळाच आवाज येतो: अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा ‘कट्ट, कट्ट, कट्ट’, तीन-चारदा. मग थांबतो आणि विंडोज उघडते. पण एक फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटे जातात.

हे दोन आवाज एकाच दुखण्याचे आहेत का? आणि मी आता काय करू, काय करू नको?

---

वाळपईकर | १२ जुलै, रात्री १०:०५

ताई, माझ्याकडे असे झाले होते तेव्हा चेक डिस्क (विंडोजमधलाच डिस्क तपासायचा प्रोग्राम) चालवले. रात्रभर चालले, सकाळी लॅपटॉप नीट झाला. ‘सी’ ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. करून बघा.

---

म्हापशाचा_रिपेअरवाला | १२ जुलै, रात्री १०:१२

ताई, चेक डिस्क चालवू नका. लॅपटॉप आत्ता चालू असेल तर शट डाउन करा, वायर काढा आणि तसाच ठेवा. सविस्तर थोड्या वेळाने लिहितो, पण हे आधी करा.

---

सावईवेऱ्याची_मास्तरीण | १२ जुलै, रात्री १०:१५

बंद केला. वायर काढली.

---

म्हापशाचा_रिपेअरवाला | १२ जुलै, रात्री ११:३०

आता निवांत लिहितो. मी १७ वर्षे हेच काम करतो आहे. ‘टिकटिक म्हणजे डिस्क गेली’ आणि ‘टिकटिक तर सगळ्याच डिस्कला येते’, ही दोन्ही वाक्ये मी रोज ऐकतो आणि दोन्हींपायी लोकांचा डेटा गेलेला पाहिला आहे.

आत काय असते ते आधी समजून घ्या. गुळगुळीत आरशासारखी एक किंवा दोन चकत्या असतात. लॅपटॉपच्या बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. चकतीचा व्यास साधारण ६५ मिलिमीटर, म्हणजे तिची कड ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने पळत असते. तिच्यावर एका बारीक दांडीच्या टोकाला वाचणारे-लिहिणारे हेड असते. ते चकतीला टेकत नाही, फिरण्याने जो वारा होतो त्यावर तरंगते, आणि मधली फट काही नॅनोमीटरची असते. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड. धुळीचा कण, बोटाचा ठसा, पाण्याचा थेंब, यांतले काहीही तिथे मावत नाही.

आता तुमचा पहिला आवाज, पालीसारखा. डिस्कला काही सेकंद काम नसले की वीज वाचवायला आणि धक्क्यापासून जपायला ती हेड चकतीवरून बाहेर काढते आणि कडेच्या प्लास्टिकच्या छोट्या उतारावर चढवून ठेवते. चढताना ‘टिक्’, काम आले की उतरताना पुन्हा हलके ‘टिक्’. याला हेड पार्क होणे म्हणतात. ही डिस्कची सवय आहे, दुखणे नव्हे. मात्र याला मोजमाप आहे. लॅपटॉपच्या डिस्क बहुधा ६ लाख वेळा चढउतार सोसतील अशा बनवतात, काही मॉडेले ३ लाखांची. विंडोज मागे सतत काहीतरी खुडबुड करत असते, त्यामुळे काही लॅपटॉपवर दर मिनिटाला हेड वर-खाली होते आणि तो आकडा काही वर्षांतच गाठला जातो.

दुसरा एक आवाज तुम्हाला लाईट गेली तेव्हा आला असेल, पण त्या गडबडीत लक्ष गेले नसेल. वीज अचानक तुटली तर हेड चकतीवर पडता कामा नये. म्हणून फिरत्या चकतीच्या उरलेल्या जोरावर मोटारीचाच जनरेटर होतो आणि तेवढ्या विजेवर हेड झटक्यात बाहेर ओढले जाते. हा ‘टक्’ मोठा असतो. एकदोनदा झाल्याने काही बिघडत नाही. पण बॅटरी मेलेला लॅपटॉप आणि आमचा पावसाळा म्हणजे दिवसाला दोन-तीनदा तोच झटका, वर्षानुवर्षे.

आणि तिसरा, सुपारीचा. हा मला आवडलेला नाही. चकतीवर कारखान्यातच खुणा कोरलेल्या असतात, आणि हेड दर फेऱ्यात शेकडो वेळा त्या वाचून ‘मी कुठे आहे’ ते ठरवते. त्या वाचता आल्या नाहीत की दांडी वाट चुकते, टोकाच्या अडसरावर जाऊन आपटते, मागे येते, पुन्हा शोधते. तेच ‘कट्ट, कट्ट, कट्ट’. इंग्रजीत याला ‘क्लिक ऑफ डेथ’ म्हणतात. ते नाव १९९० च्या दशकात झिप ड्राइव्हच्या (काढघालीच्या डिस्क चालवणारे तेव्हाचे यंत्र) अशाच आवाजावरून पडले आणि पुढे हार्ड डिस्कलाही चिकटले.

तुमच्या डिस्कला तीन-चार आपटांनंतर वाट सापडते, याचा अर्थ हेड अजून वाचते आहे. तुमच्याकडे वेळ आहे, पण किती आहे ते मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. हेड दुखावलेले असेल तर ते दर वेळी चकतीवरून फिरताना ओरखडा काढू शकते, आणि जिथे ओरखडा पडला तिथले गाणे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत परत येत नाही. म्हणून पुन्हा चालू करायचा तो फक्त डेटा काढायला. विंडोज उघडून ‘बघू तरी काय होते’ असे एकदाही नको.

वाळपईकर, तुमच्यावर राग नाही. तुमच्या वेळी फाइलींची मांडणी बिघडली असेल, तिथे चेक डिस्क उपयोगी पडते. पण ते डेटा वाचवायला बनवलेले नाही, मांडणी दुरुस्त करायला बनवलेले आहे. मोडत्या डिस्कला ते तासन्‌तास राबवते, आणि जी फाइल वाचता येत नाही तिचे तुकडे करून बाजूला टाकते.

---

वाळपईकर | १३ जुलै, सकाळी ७:२०

समजले दादा. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

---

वास्कोवाला | १३ जुलै, सकाळी ८:०२

माझे थोडे वेगळे आहे पण आवाज तोच. बाहेरून लावायची छोटी हार्ड डिस्क, लॅपटॉपला लावली की ‘टिक… टिक… टिक’ आणि ड्राइव्ह दिसतच नाही. हीसुद्धा गेली का? आत मुलाच्या बारशापासूनचे फोटो आहेत.

---

म्हापशाचा_रिपेअरवाला | १३ जुलै, सकाळी ८:४०

कदाचित नाही. आधी वीज तपासा. या छोट्या डिस्क ५ व्होल्टवर चालतात आणि चकती गतीला आणताना त्यांना जवळजवळ १ अँपिअर लागतो. जुने यूएसबी २ नियमाने ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३ म्हणजे ९००. लांब, पातळ किंवा जुनी केबल असली, मध्ये हब असला, तर चकती फिरायला लागते, वीज पुरत नाही, हेड मागे येते, पुन्हा प्रयत्न. कानाला ते हुबेहूब मेलेल्या डिस्कसारखे ऐकू येते.

हब काढा, दुसरी आखूड केबल घ्या, डेस्कटॉपच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टात लावा. तीन-चार सेकंद कान द्या. टिकटिक तशीच असेल तर लगेच काढा, दहा वेळा लावून बघू नका.

---

डिचोलीकर_७२ | १३ जुलै, सकाळी ९:१५

एक ऐकलेला उपाय. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची. थंड असेपर्यंत चालते, तेवढ्यात फाइली काढायच्या. आमच्या ऑफिसात एकाने केले होते, चालले म्हणतात.

---

म्हापशाचा_रिपेअरवाला | १३ जुलै, दुपारी १:२५

डिचोलीकर, हे कळकळीने सांगतो, कुणीही करू नका. फार जुन्या डिस्कमध्ये धातू आकसून अडकलेला भाग कधीतरी सुटायचा, तिथून ही गोष्ट सुरू झाली. आज आषाढ आहे. फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवा आणि दोन मिनिटांनी तिच्या अंगावर काय दिसते ते बघा. हार्ड डिस्क हवाबंद नसते, तिला फिल्टर लावलेले एक बारीक भोक असते. तेच पाणी आतल्या चकतीवर धरते, आणि चालू केल्यावर हेड त्या पाण्यावर आपटते. अशा डिस्क माझ्याकडे आल्या आहेत. उघडल्यावर चकतीवर गोल रेघ दिसते.

डिस्क हातावर आपटणे, स्क्रू काढून ‘आत बघणे’ हेही तसेच. उघडायची तर स्वच्छ हवेच्या खोलीत, जिथे हवेतली धूळ मोजून अगदी कमी ठेवलेली असते. माझ्या दुकानात तशी सोय नाही, म्हणून मी आजवर डेटासाठी कुणाचीही डिस्क उघडलेली नाही.

---

सावईवेऱ्याची_मास्तरीण | १३ जुलै, संध्याकाळी ५:५०

लॅपटॉप बंदच आहे. पण गुरुवारी भाचा आला होता, त्याने क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा प्रोग्राम चालवून पडद्याचा फोटो काढला होता. वर पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’ लिहिले आहे. आकडे उतरवून देते, शेवटच्या रकान्यातले, पुढची शून्ये सोडून:

०५ रीअॅलोकेटेड सेक्टर्स: १०
०९ पॉवर-ऑन अवर्स: २बी१सी
सी० पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट: ३ए९
सी१ लोड सायकल: ६ए३एफ१
सी५ करंट पेंडिंग सेक्टर: ६८
सी७ सीआरसी एरर: ०

६८ म्हणजे फार नाही ना? आणि आकड्यांत अक्षरे कशी आली?

---

पर्वरीकर_पेंग्विन | १३ जुलै, संध्याकाळी ६:३०

ताई, हे आकडे दशमान पद्धतीतले नाहीत, सोळाच्या पाढ्यातले आहेत. तिथे ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ येतात आणि मग १०, म्हणजे आपले १६. हा प्रोग्राम मुळात तसेच दाखवतो. फंक्शन, अॅडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दशमान निवडले की साधे आकडे दिसतात. तुमचे मी बदलून देतो:

बदललेले सेक्टर (चकतीवर माहिती साठवायचे छोटे कप्पे) १६.
चालू राहिलेले तास ११,०३६.
अचानक हेड ओढले गेले ९३७ वेळा.
हेड पार्क झाले ४,३५,१८५ वेळा.
वाचता न आलेले सेक्टर १०४.

४,३५,१८५ ला ११,०३६ ने भागा. तासाला सुमारे ३९ वेळा, म्हणजे दर दीड मिनिटाला एक टिक्. तुमची पाल हीच. ६ लाखांच्या हिशेबात ती अजून मर्यादेत आहे. ९३७ हा मात्र मेलेल्या बॅटरीचा आकडा.

सीआरसी शून्य आहे हे चांगले, म्हणजे केबल किंवा जोडणीचा दोष नाही.

खरी गोष्ट १०४ ची. हे असे सेक्टर आहेत जे डिस्कने वाचायला घेतले आणि वाचता आले नाहीत. फोल्डर उघडायला पाच मिनिटे लागतात ती याचसाठी: डिस्क तिथे अडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. आता थोडा धीर देणारा हिशेब. प्रत्येकी ५१२ बाइट धरले तर १०४ सेक्टर म्हणजे अवघे ५२ केबी. रेकॉर्डरच्या फाइली साध्या वेव्ह असतील, ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ, तर सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. सगळेच्या सगळे खराब सेक्टर एका गाण्यावर पडले तरी तोटा होईल साधारण ०.३ सेकंदाचा. वाचायला सुरुवात केल्यावर आणखी सापडतील हे धरून चला, पण गाणी अजून तिथे आहेत.

---

सावईवेऱ्याची_मास्तरीण | १३ जुलै, संध्याकाळी ६:५२

फाइली वेव्हच आहेत. हे वाचून बसल्या जागी डोळ्यांत पाणी आले. पुढे काय करायचे ते सांगा, भाचा रविवारी येतो आहे.

---

पर्वरीकर_पेंग्विन | १३ जुलै, रात्री ८:१०

भाच्याला हे वाचायला द्या.

विंडोज सुरू करायची नाही. ती चालू असताना त्याच आजारी डिस्कवर सतत लिहीत असते. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करा, म्हणजे विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरूनच संगणक चालू होतो. लॅपटॉपची मागची झाकणी उघडून डिस्क बाहेर काढा आणि चालत्या डेस्कटॉपला सरळ साटा केबलने जोडा. यूएसबी अडॅप्टरही चालतो, पण वर वास्कोवाल्याचे झाले ते लक्षात घ्या, वीज पुरली पाहिजे. प्रत उतरवायला १ टीबीची नवी किंवा धडधाकट रिकामी डिस्क लागेल. यूपीएस असलेल्या जागीच बसा. अर्ध्यात लाईट गेली तर ९३८ वा झटका बसेल.

आता काम करायचे ते जीएनयू डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रामने. फाइली ओढून कॉपी-पेस्ट करू नका. साधी कॉपी खराब जागी अडकते आणि तिथेच हेड घासत बसते. डीडीरेस्क्यू उलट चालते: वाट अडली की ती जागा सोडून पुढे जाते, आधी सगळे चांगले उचलते आणि अवघड जागा शेवटी घेते. कुठे काय राहिले याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येते. मॅप फाइल दिली नाही तर हे सगळे वाया, ती आजारी डिस्कवर ठेवायची नाही हे वेगळे सांगायला नको. पहिला फेरा ‘नो स्क्रेप’ पर्याय लावून करा, म्हणजे खराब जागा कुरतडणार नाही. तो पुरा झाला, प्रत हातात आली, की मगच दुसऱ्या फेऱ्यात दोन-तीन पुनर्प्रयत्न द्या.

एका गोष्टीला मी नेहमी घाबरतो, भाच्यानेही घाबरावे. कमांडमध्ये आधी जिथून वाचायचे ती डिस्क येते, मग जिथे लिहायचे ती. उलटे झाले तर रिकामी डिस्क गाण्यांवर उतरेल आणि एका मिनिटात खेळ संपेल. डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी ताडून पाहा, दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला लावा, मग एंटर दाबा.

५०० जीबी निरोगी असती तर पावणेदोन-दोन तासांत उतरली असती. तुम्हाला रात्र लागू शकते. आणि काम चालू असताना कान डिस्ककडे ठेवा. ‘कट्ट’ सलग येऊ लागले आणि वेग शून्यावर आला, तर तिथेच थांबवा. मग पुढचे काम घरचे नाही.

---

केपेकरीण | १४ जुलै, सकाळी ११:००

ताई, एक माझा अनुभव. चार वर्षांपूर्वी माझाही लॅपटॉप असाच संथ झाला. एका दुकानात दिला. ‘विंडोज बिघडली होती, नवी टाकली, डिस्क चांगली आहे’ म्हणून परत मिळाला. पीएचडीसाठी गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती त्यात होत्या. मला कुणी विचारलेच नाही, आणि मीही सांगितले नाही. दुकानात जाणारच असाल तर पहिल्या वाक्यात सांगा: लॅपटॉप नको, डेटा हवा. आणि ते कागदावर लिहून घ्या.

---

म्हापशाचा_रिपेअरवाला | १४ जुलै, दुपारी २:१०

केपेकरीण ताई, फार वाईट झाले. ‘डिस्क चांगली आहे’ असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले असणार, आणि ते का वाटते हे सगळ्यांना कळायला हवे. वाचता न आलेला सेक्टर ‘पेंडिंग’ राहतो, कारण डिस्क वाट पाहते की पुढे कधीतरी तो वाचता येईल. त्याच जागेवर नवे काही लिहिले की जुन्याची आशा ती सोडते. लिहिणे जमले तर सेक्टर पुन्हा वापरात, नाही जमले तर राखीव सेक्टरात बदली. दोन्हीकडे पेंडिंगचा आकडा उतरतो. पूर्ण फॉर्मॅट केले की तो शून्यावर येऊ शकतो, पिवळी चौकट निळी होते, आणि रोगी बरा झाला असे दिसते. प्रत्यक्षात डेटा पुसलेला असतो आणि हेड तितकेच दुखरे असते.

पर्वरीकरांनी सांगितले ते बरोबर आहे. मी दोनच गोष्टी जोडतो. ताईंच्या डिस्कचे वाचन मध्येच थांबले तर डिस्क प्रयोगशाळेत द्यावी लागेल, मुंबई-पुणे-बंगळूरला. स्थिर वीज लागू न देणाऱ्या पिशवीत घालून, चारी बाजूंनी फोम लावून, घट्ट खोक्यात पाठवा. वर्तमानपत्रात गुंडाळून बसच्या डिकीत नको. आधी तपासणी, मग लेखी दर, मग हो म्हणा. आणि कुणी ‘खालचे सर्किट बोर्ड बदलून देतो’ म्हणाले तर सावध राहा. गेल्या अनेक वर्षांतल्या डिस्कमध्ये त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मापे साठवलेली असतात. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून नुसता चढवला तर डिस्क बहुधा ओळखत नाही, वर टिकटिक वाढते.

बोर्डाची एक गोष्ट मात्र आपल्याकडे खरी आहे. बोर्डाखाली हेडच्या जोडणीचे छोटे ठिपके असतात, खाऱ्या दमट हवेने ते काळे पडतात. समुद्राजवळच्या गावांतून आलेल्या काही डिस्क मी नुसते ते ठिपके साफ करून चालू झालेल्या पाहिल्या आहेत. पण हे जाणत्यानेच करायचे. ताईंच्या डिस्कला याची गरज दिसत नाही, ती वाचते आहे.

---

वास्कोवाला | १४ जुलै, संध्याकाळी ७:३५

आखूड केबल, मागचा पोर्ट. चालली! टिकटिक एकदाही नाही. फोटो आत्ता कॉपी होताहेत. दादा, देव बरे करो.

---

काणकोणचा_विद्यार्थी | १५ जुलै, सकाळी १०:२०

माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, तरी टिक् येते. एसएसडीलाही होते का?

---

पर्वरीकर_पेंग्विन | १५ जुलै, सकाळी १०:४५

एसएसडी चकतीवर नाही, चिपवर साठवते. तिच्यात हलणारे काहीच नाही, तिथून टिक् येणार नाही. आवाज नेमका गाणे किंवा व्हिडिओ सुरू होताना-थांबताना येत असेल तर तो स्पीकरचा, वीज वाचवायला ध्वनीची चिप झोपते-उठते त्याचा. सतत आणि पंख्याच्या वेगाबरोबर बदलत असेल तर पात्याला वायर लागते आहे किंवा कचरा अडकला आहे. बारीक चिर्र असेल तर बोर्डावरच्या कॉइलचा. यांत डेटाला धोका नाही. पण एसएसडी जाते तेव्हा आधी असा इशारा बहुधा देत नाही, म्हणून प्रत तुम्हीही ठेवा.

---

सावईवेऱ्याची_मास्तरीण | १७ जुलै, रात्री १०:३०

रविवारी सकाळी बसलो. शेजारच्यांकडे डेस्कटॉप आणि यूपीएस दोन्ही आहे, त्यांच्याकडे. सीरियल नंबर भाच्याने वाचला, मी कागदावर लिहिला, शेजारच्या वहिनींनी पुन्हा ताडला. चालू केल्यावर ‘कट्ट’ पाच वेळा झाले. ते पाच मी श्वास धरून मोजले. मग चकतीचा सूर लागला आणि आकडे पळू लागले.

पहिला फेरा दुपारी तीनपर्यंत चालला. दोनदा वेग अगदी शून्याजवळ आला, आम्ही थांबवणार तोच पुढची जागा धरली. संध्याकाळी दुसरा फेरा लावला, तो रात्री साडेअकराला संपला. शेवटी न वाचलेले उरले १९६ केबी. ५०० जीबीतले १९६ केबी. पाऊस कोसळत होता, लाईट एकदा गेली, यूपीएसने सांभाळले.

जुनी डिस्क काढून ठेवली. प्रतीवरून ४१ च्या ४१ फाइली उघडल्या. रोज संध्याकाळी एकेक पूर्ण ऐकते आहे, वहीत खूण करते. तिसऱ्या रात्रीच्या एका गाण्यात, बायका वाकून मागे सरतात तिथे, आवाज क्षणभर तुटतो आणि परत येतो. तेवढेच सापडले आहे. त्याच गाण्यात पुढे सासूबाई मध्येच थांबून कुणाला तरी ‘गे, सावकाश’ म्हणतात. हे मी पूर्ण विसरले होते.

---

म्हापशाचा_रिपेअरवाला | १७ जुलै, रात्री १०:५०

ताई, आज मला झोप चांगली लागेल.

जुनी डिस्क फेकू नका आणि आता तिला वीजही लावू नका. सगळी गाणी ऐकून होईपर्यंत ती राहू दे. तुटलेली ती जागा कधी फारच हवीशी वाटली तर प्रयोगशाळेला द्यायला तीच लागेल. आता एकाच्या दोन प्रती करा, दोन वेगळ्या घरांत ठेवा. कपाटात ठेवाल ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि वर्षातून दोनदा लावून बघा. लॅपटॉपला एसएसडी आणि नवी बॅटरी घाला, बॅटरी आधी.

---

केपेकरीण | १७ जुलै, रात्री ११:०५

ताई, शब्दही लिहून ठेवणार का? दोघी-तिघी म्हाताऱ्या असतील तर गाणे ऐकवून अर्थ विचारता येईल. मी येऊन मदत करायला तयार आहे, मनापासून.

---

सावईवेऱ्याची_मास्तरीण | १८ जुलै, सकाळी ६:४०

केपेकरीण ताई, नक्की या. मांडाशेजारच्या आजी ८४ वर्षांच्या आहेत, त्यांना त्या रांगेतला प्रत्येक आवाज ओळखता येतो. चवथीला नणंद सावंतवाडीहून येते, दुसरी प्रत तिच्याबरोबर जाईल. बॅटरी मागवली आहे. ऐकायच्या अजून ३८ फाइली आहेत. तुम्ही शनिवारी येता का?